‘फक्त ड्रायक्लीन’ लिहिलेला कपडा घरी धुतल्यावर दरवेळी का बिघडतो: कारणे आणि उपाय

ज्या कपड्याच्या आतल्या लेबलावर ‘फक्त ड्रायक्लीन’ असे छापलेले असते, तो घरी धुतल्यानंतरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पॅन्ट दोन बोटे आखूड होते, कोटाच्या छातीवर फुगे येतात, रेशमावर पाणी पडलेल्या जागी गडद कडा उमटते, नाहीतर अस्तराचा रंग कॉलरवर येतो. पुढच्या वेळी साबण बदलला जातो, पाणी आणखी थंड घेतले जाते, तरीही तक्रार तीच राहते, कारण बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा साबणात नसून कपड्याच्या रचनेत असते. बाहेरून एकसंध दिसणारा कोट हा प्रत्यक्षात तीन-चार वेगवेगळ्या कापडांचा एकत्र शिवलेला गठ्ठा असतो आणि पाणी लागल्यावर त्यातील प्रत्येक थर आपापल्या प्रमाणात फुगतो, आटतो किंवा सुटतो. त्यामुळे कोणते डिटर्जंट वापरावे हा प्रश्न नंतरचा आहे; या कपड्यातील नेमका कोणता थर पाण्यात बिघडेल, हे आधी शोधावे लागते.

लेबल नेमके काय सांगते

लेबलावरील चिन्हांची पद्धत आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. वर्तुळ म्हणजे व्यावसायिकाकडून करून घ्यायची सफाई. वर्तुळात ‘पी’ हे अक्षर असेल तर टेट्राक्लोरोएथिलीन आणि त्याहून सौम्य द्रावके (ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी वापरली जाणारी द्रव रसायने) चालतात, ‘एफ’ असेल तर केवळ हायड्रोकार्बन वर्गातील द्रावके वापरावीत असा अर्थ होतो, आणि ‘डब्ल्यू’ असेल तर व्यावसायिक पद्धतीची ओली धुलाई चालते. ‘डब्ल्यू’ असलेला कपडा पाणी सहन करतो ही माहिती आपल्या उपयोगाची आहे. मात्र तेथे पाण्याचे तापमान, यंत्राची हालचाल आणि नंतरची इस्त्री या तिन्ही गोष्टी काटेकोरपणे सांभाळल्या जातात, हे विसरू नये. टबाच्या चित्रात हात दाखवलेला असेल तर कपडा हाताने धुता येतो. चिन्हाखाली एक रेघ असेल तर सौम्य आणि दोन असतील तर अतिसौम्य हाताळणी करावी. टबावर फुली असेल, तर त्या कपड्यापुरता घरगुती धुलाईचा विषय तेथेच संपवावा.

‘ड्रायक्लीन’ आणि ‘फक्त ड्रायक्लीन’ या दोन सूचनाही एकच नाहीत. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार उत्पादकाने सफाईची एक सुरक्षित पद्धत लेबलावर सांगितली तरी पुरते. इतर पद्धतींनीही कपडा सुरक्षित राहत असेल तर तसे लिहिण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे नुसते ‘ड्रायक्लीन’ लिहिलेला, अस्तर नसलेला पॉलिएस्टरचा साधा टॉप पाण्यात बिघडेलच असे नाही. अशा कपड्यांवर ती सूचना बरेचदा उत्पादकाने स्वतःला जपण्यासाठी लिहिलेली असते, असे माझे मत आहे. कोट, ब्लेझर किंवा क्रेपच्या (बारीक चुणीदार पोताच्या कापडाच्या) कपड्यावर मात्र तीच सूचना अक्षरशः पाळावी.

आधी कापड ओळखावे, मग थर मोजावेत

लेबल फाटलेले असेल किंवा त्यावरील अक्षरे पुसली गेली असतील, तर आतल्या शिवणीच्या दुमडीतून एक धागा ओढून तो चिमट्यात धरून सिंकवर जाळून पाहावा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडता येणारी राख उरते. व्हिस्कोस (रेयॉन) आणि सूत कागदासारखे भुर्रकन जळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मिश्र धाग्यात ही लक्षणे मिसळतात, पण केवळ मणी उरतो की केवळ राख, एवढे कळले तरी पुष्कळ काम भागते.

यानंतर चिमटीची परीक्षा करावी. कोटाच्या खालच्या बटणाच्या काजाशेजारी बाहेरचे कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतले कापड दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून दोन्ही हलकेच विरुद्ध दिशांना ओढावेत. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना जाणवला तर कोटात शिवलेला कॅनव्हास, म्हणजे आकार धरून ठेवणारे आतले जाड कापड, आहे. तसे न होता पुढचे कापड जाडसर आणि ताठ लागले, तर बाहेरच्या कापडाच्या पाठीला गोंदाचे अस्तर उष्णतेने चिकटवलेले आहे असे समजावे. कोटाचे भवितव्य बहुतांशी याच एका गोष्टीवर ठरते. चिकटवलेला कोट पाण्यात बुडवू नये. कॅनव्हासचा कोटसुद्धा बुडवू नये, परंतु त्याचे कारण वेगळे आहे: आतला कॅनव्हास आणि खांद्याची पॅड पाणी धरून ठेवतात, वेडीवाकडी वाळतात आणि छातीचा जो आकार शिंप्याने इस्त्रीने बसवलेला असतो, तो घरच्या इस्त्रीने परत येत नाही.

शेवटी थेंबाची परीक्षा करावी. पॅन्टच्या पायाच्या दुमडीत किंवा ड्रेसच्या शिवणीच्या आत पाण्याचा एक थेंब टाकून तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग ती जागा उजेडात तिरपी धरून पाहावी. कडा उमटली, कापड चुणले किंवा त्या जागेचा पोत बदलला, तर संपूर्ण कपडा भिजवल्यावर तेच मोठ्या प्रमाणावर घडणार आहे. जवळच एक पांढरा सुती फडका सौम्य डिटर्जंटच्या पाण्यात ओला करून मिनिटभर दाबून धरावा. त्यावर रंग आला तर पुढे जाऊ नये. ही परीक्षा अस्तरावर स्वतंत्रपणे करावी, कारण बाहेरचे कापड पक्क्या रंगाचे आणि अस्तर कच्च्या रंगाचे, असे पुष्कळदा आढळते.

तक्रार पहिली: लोकर आटली

लोकर दोन प्रकारे आटते आणि हा फरक समजला नाही तर उपायही चुकतो. कापड विणताना आणि ते तयार होताना धागे ताणलेले असतात. पाणी मिळाल्यावर तो ताण सुटतो आणि कापड थोडे आखडते. हे आटणे बऱ्याच अंशी वाफेने आणि हलक्या ताणाने परत खेचता येते. दुसऱ्या प्रकाराचे कारण लोकरीच्या तंतूवर असते. या तंतूवर छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. ओलाव्यात आणि साबणाच्या पाण्यात कपडा चोळला किंवा घुसळला गेला की तंतू एकाच दिशेने सरकत जाऊन एकमेकांत अडकतात आणि कापड जाड, घट्ट, फेल्टसारखे (दाबून बनवलेल्या नमद्यासारखे) होते. उष्णतेने हे काम अधिक वेगाने घडते. एकदा असे घडल्यावर तंतू सोडवता येत नाहीत.

ओळखण्याची खूण सोपी आहे. आटलेल्या कापडावर वीण अजूनही स्पष्ट दिसत असेल तर आशा आहे. वीण बुजून पृष्ठभाग केसाळ झाला असेल तर नाही. आशा असेल तेव्हा कपडा कोमट पाण्यात थोडे केसांचे कंडिशनर मिसळून सुमारे अर्धा तास भिजवावा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्यावे आणि सपाट जागेवर पसरून थोडे-थोडे ताणत मूळ मापाकडे न्यावा. अर्थात त्यासाठी मूळ माप माहीत असावे लागते, म्हणून धुण्यापूर्वी बाहीची आणि पायाची लांबी तसेच छातीची रुंदी कागदावर टिपून ठेवावी. हा उपाय स्वेटर आणि अस्तर नसलेल्या लोकरी कपड्यांसाठी आहे. अस्तर असलेल्या पॅन्टला तो लागू पडत नाही, कारण तेथे बाहेरचे कापड आटते आणि अस्तर तसेच राहते, त्यामुळे ते पायाखालून डोकावू लागते. अशा वेळी शिंप्याकडून अस्तर आखूड करून घेणे हा एकच सरळ मार्ग उरतो.

लोकर आटण्याचे खापर गरम पाण्यावर फोडले जाते, पण थंड पाण्यात जोरजोराने घासलेली लोकरसुद्धा फेल्ट होते, आणि कोमट पाण्यात शांतपणे बुडवून काढलेली बहुधा होत नाही.

तक्रार दुसरी: कोटाच्या छातीवर किंवा लॅपलवर (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर) फुगे

चिकटवलेल्या कोटात बाहेरचे कापड आणि आतले अस्तर यांना जोडणारा गोंद उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म ठिपक्यांच्या रूपात असतो. कापड पाण्यात एका प्रमाणात आटते आणि आतले अस्तर दुसऱ्या प्रमाणात. त्या ओढाताणीत ठिपके जागोजागी सुटतात आणि सुटलेल्या जागी कापड वर उचलले जाते. ड्रायक्लीनमध्येही हलक्या प्रतीचा गोंद सुटू शकतो, त्यामुळे प्रत्येक फुग्याचा दोष घरच्या धुलाईला देता येत नाही.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे ओला फडका ठेवून वरून गरम इस्त्री दाबणे. लहान आणि ताजा फुगा त्याने काही काळ बसतो. पण गोंदाचे ठिपके मूळ जागेवर एकसारखे परत बसत नाहीत, शिवाय पातळ कापडातून ते वर झिरपून गडद टिपके दिसू लागण्याचा धोका असतो. मोठा फुगा आला असेल तर कोटाचा पुढचा भाग उसवून आतले अस्तर बदलावे लागते, आणि ते काम एवढे किचकट असते की सामान्य कोटासाठी ते करून घेण्यात अर्थ नाही. सबब येथे खरा उपाय टाळण्याचाच आहे: चिकटवलेला कोट भिजवू नये, आणि त्यावर वाफ देतानाही इस्त्रीची तळपट्टी कापडावर दाबून न ठेवता थोड्या अंतरावर धरावी.

तक्रार तिसरी: डाग गेला, पण त्या जागी कडा राहिली

ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत सहज टाळता येते. कापडावर लागलेली खळ, धूळ आणि रंगाचा सुटा अंश पाण्यासोबत बाहेर सरकत जातो आणि पाणी जेथे थांबून वाळते तेथे साचतो; दिसणारी कडा ती हीच. रेशीम, व्हिस्कोस आणि ॲसिटेट (रेशमासारखे दिसणारे कृत्रिम कापड) यांवर ती ठळक उमटते. म्हणून डागावर पाणी ओतू नये. डागाच्या मागे जुना पांढरा टॉवेल ठेवावा, पुढून ओलसर फडक्याने बाहेरच्या बाजूकडून मध्याकडे टिपत यावे, चोळू नये, आणि शेवटी ओली जागा व तिच्याभोवतीचा कोरडा भाग यांच्यात ठळक सीमा राहणार नाही अशा रीतीने कडेचा ओलावा फडक्याने विरळ करत न्यावा. यानंतर पंख्याखाली किंवा हेअर ड्रायरच्या थंड हवेत जागा लवकर वाळवावी.

कडा आधीच उमटलेली असेल तर फक्त त्या कडेवर घासून उपयोग होत नाही. नवी कडा तयार होते. थेंबाच्या परीक्षेत पाणी सहन करणारे कापड असेल, तर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा संपूर्ण तुकडा बारीक फवाऱ्याने एकसारखा ओलसर करावा आणि एकसारखा वाळू द्यावा, म्हणजे पाणी शिवणीपाशी थांबते आणि कडा दिसत नाही. व्हिस्कोसच्या बाबतीत जास्त सावध राहावे, कारण ओले असताना त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ओले व्हिस्कोस उचलतानाही दोन्ही हातांवर तोलून उचलावे. एका टोकाला धरून लोंबकळत उचलल्यास स्वतःच्याच वजनाने ते ताणले जाते.

तक्रार चौथी: रंग उतरला

रंग पाण्यात जाताना दिसला की पहिली प्रतिक्रिया कपडा तसाच सोडून मीठ किंवा व्हिनेगर शोधण्याची असते. आधीच सुटलेला रंग मिठाने परत बसत नाही. कपडा तत्काळ उचलून स्वच्छ थंड पाण्यात विसळावा, पाणी निर्मळ होईपर्यंत बदलत राहावे आणि टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवावा; दुमडलेला किंवा गोळा करून ठेवलेला ओला कपडा स्वतःवरच डाग पाडतो. एका रंगाच्या कापडाला दुसऱ्या रंगाची पट्टी किंवा भरतकाम असेल आणि फडक्याच्या परीक्षेत थोडाही रंग आला असेल, तर तो कपडा घरी धुण्याचा विचार सोडून द्यावा.

येथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सूटची पॅन्ट जास्त मळते म्हणून ती एकटीच पुन्हा पुन्हा धुतली जाते आणि वर्षभरात पॅन्ट व कोट यांच्या रंगात फरक पडतो. जी सफाई एकाची कराल ती दुसऱ्याचीही त्याच वेळी करावी, मग ती घरची असो वा दुकानातली.

चकाकी आणि मागाहून दिसणारे पिवळे डाग

लोकरीच्या कापडावर गरम इस्त्री थेट फिरवली की तंतू चपटे होतात आणि कोपर, गुडघा व बैठकीच्या जागी चकाकी येते. ओलसर सुती फडका मध्ये ठेवून वाफ द्यावी आणि जागा गरम असतानाच मऊ ब्रशने लव उचलावी. चकाकी पॉलिएस्टर वितळल्यामुळे आलेली असेल तर ती जात नाही. इस्त्रीच्या चिन्हातील एक ठिपका म्हणजे साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस, आणि ॲसिटेटसारख्या कापडासाठी त्यापुढे जाऊ नये.

ड्रायक्लीन करून आणलेला कपडा कपाटात काही महिने ठेवल्यावर पिवळे डाग दिसू लागले, तर ते बहुधा घामाचे किंवा सांडलेल्या गोड पेयाचे असतात. ड्रायक्लीनची द्रावके तेलकट मळ उत्तम काढतात, पण साखर आणि मीठ पाण्यात विरघळणारे असल्यामुळे त्या द्रावकात नीट निघत नाहीत. सांडले तेव्हा रंगहीन असलेले पेय हळूहळू आणि इस्त्रीच्या उष्णतेने चटकन पिवळे पडते. त्यामुळे असा डाग पडल्या दिवशीच पाण्याने टिपून घ्यावा आणि कपडा देताना ती जागा दाखवून द्यावी.

बहुतेक वेळा धुण्याची गरजच नसते

दोन-तीनदा वापरलेला कोट मळलेला नसतो. त्याला वास आणि सुरकुत्या असतात, एवढेच. त्यासाठी रुंद खांद्याच्या हँगरवर कोट रात्रभर मोकळ्या हवेत, उन्हाबाहेर टांगावा, कपड्यांच्या मऊ ब्रशने वरून खाली झाडावा आणि थोड्या अंतरावरून वाफ द्यावी. काखेतील वासासाठी नाटकांच्या वेशभूषेत वापरली जाणारी युक्ती चांगली आहे: कपडा उलटा करून अस्तरावर साधी, बिनवासाची व्होडका बारीक फवारतात आणि उघड्यावर वाळू देतात. मद्यार्काने काही रंग सुटतात, म्हणून तीही आधी दुमडीत तपासावी, आणि फवारताना व ओलावा असेपर्यंत जवळ ज्योत किंवा इस्त्री नसावी. कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायचे जे घरगुती ‘ड्रायक्लीन’ संच मिळतात, तेही याच जातीचे काम करतात. वास आणि सुरकुत्या त्यांनी कमी होतात. मुरलेला डाग निघत नाही.

धुवायचेच ठरले तर

वरील परीक्षांत उत्तीर्ण झालेला कपडा, म्हणजे साधारणपणे अस्तर नसलेले रेशीम, लोकरी विणीचे स्वेटर, स्कार्फ किंवा पॉलिएस्टरचे साधे कपडे, हाताने धुता येतो. पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आत असावे आणि विसळण्याचे पाणीही त्याच तापमानाचे असावे, कारण कोमटातून एकदम थंडात टाकलेली लोकर आखडते. डिटर्जंट लोकर आणि रेशमासाठीचेच घ्यावे. नेहमीच्या पावडरचे पाणी बरेच अल्कलीयुक्त असते, त्याचा सामू १० च्या आसपास जातो, आणि अनेक डिटर्जंटमध्ये प्रथिने तोडणारी विकरे असतात. लोकर व रेशीम हे दोन्ही तंतू प्रथिनांचेच असल्यामुळे ती विकरे डागासोबत कापडही पोखरतात.

डिटर्जंट पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच कपडा उलटा करून बुडवावा, तळहाताने खालीवर चुबकावा आणि तीन ते पाच मिनिटांत बाहेर काढावा. नळाखाली धरू नये, पिळू नये. रेशमाच्या शेवटच्या विसळणीत एक लिटर पाण्याला चमचाभर पांढरे व्हिनेगर घातल्यास साबणाचा उरलेला अंश जाऊन झळाळी परतते. मग कोरड्या जाड टॉवेलवर कपडा पसरावा, टॉवेलसकट त्याची गुंडाळी करावी आणि गुंडाळीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत तळहाताने भार देत जावे. उलगडल्यावर टॉवेल जड आणि कपडा केवळ दमट लागला पाहिजे, तसे नसेल तर दुसरा कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा करावे. यानंतर टिपून ठेवलेल्या मापांप्रमाणे कपडा सपाट जाळीवर बसवावा आणि सावलीत वाळवावा.

घरात पेट्रोल, पांढरे पेट्रोल किंवा रॉकेल वापरून ‘ड्रायक्लीन’ करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत दूरच्या शेगडीपर्यंत किंवा स्विचच्या ठिणगीपर्यंत पोहोचते, आणि कपडा वाळला असे वाटल्यावरही शिवणीत व पॅडमध्ये ती शिल्लक राहते. व्यावसायिक यंत्रे बंदिस्त असतात आणि त्यांत द्रावक गोळा करून पुन्हा वापरले जाते. बादलीत त्यातले काहीच नसते.

दुकानात देण्याची वेळ आली, तर डाग कशाचा आहे, केव्हा पडला आणि त्यावर घरी काय-काय लावून झाले आहे, हे तिन्ही स्पष्ट सांगावे. आधी लावलेला साबण किंवा व्हिनेगर लपवल्यास तेथे निवडलेले रसायन त्याच्याशी जुळत नाही आणि डाग पक्का बसण्याची शक्यता वाढते. परत आल्यावर प्लॅस्टिकचे आवरण काढून कपडा दिवसभर हवेशीर जागी टांगावा, कारण पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या टेट्राक्लोरोएथिलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आहे, आणि द्रावकाचा वास पूर्ण गेल्यावरच तो कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवावा.